एका गुणाचा खेळाडू

दिवाळी अंकासाठी सदर लिहायचे म्हणजे लेखणीलाही अभ्यंगस्नान घालावे लागते. वाचक फराळाचे ताट जवळ ओढून बसलेले, मुले फटाक्यांच्या हिशेबात गुंतलेली. अशा वेळी दुखण्याखुपण्याचा विषय काढणे म्हणजे अनारशात मीठ घालण्यासारखेच. तरीही आज तो काढणार आहोत. कारण दिवाळी हा एकमेकांच्या घरी जाण्यायेण्याचा सण आहे, आणि ह्या जाण्यायेण्यात कधी एखाद्या घरी चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस आपल्याला भेटतो. त्याच्याशी काय बोलावे हे आपल्याला उमजत नाही. मग आपण फळांची पिशवी कोपऱ्यात ठेवतो, ‘आता बरे आहे ना?’ असे विचारतो, आणि तो तेथे नसल्यासारखे त्याच्यासमोरच त्याच्या आईशी बोलू लागतो. ह्या आपल्या अवघडलेपणावर काही उपाय आहे काय, एवढेच आज पाहायचे आहे. त्यासाठी प्रथम जरा लांब, पूर्व विदर्भात जाऊ.

भाऊबीज झाली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडईचा मोसम सुरू होतो. गावोगाव बाजार भरतो, दंडार रंगते, नाटके पहाटेपर्यंत चालतात. धान घरात आले, हात थोडे मोकळे झाले, की कबड्डीच्या मैदानावर चुन्याच्या रेषा पडतात आणि शेजारच्या गावांचे संघ उतरतात. समजा, अशा एका मैदानाच्या कडेला पंचविशीतला एक तरुण बसला आहे. नाव द्यायला नको, कारण असा तरुण एकटाच नसतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा गावाचा पहिला चढाईपटू होता. तो मध्यरेषा ओलांडून गेला की समोरचे सातही जण मागे सरकत. पुढे एका उन्हाळ्यात तो चिंचेच्या झाडावरून पाठीवर आपटला. तेव्हापासून कंबरेखाली काही कळत नाही. आता गावात कोणी त्याला चढाईपटू म्हणत नाही. ‘तो झाडावरून पडला ना, तो’ अशी त्याची खूण झाली आहे.

हा तरुण आमच्या कल्पनेतला असला, तरी त्याचे पडणे काल्पनिक नाही. पाश्चात्त्य देशांत पाठीच्या कण्याला इजा होते ती बहुधा मोटारींच्या अपघातांत. आपल्याकडे मात्र उंचावरून पडणे हे त्याचे एक फार मोठे कारण आहे. कोणी झाडावरून पडतो, कोणी कौले शाकारताना, कोणी विहिरीच्या काठावरून. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. चारोळीची चारे, चिंच, जांभूळ, ताडी, मधाची पोळी ही तेथली मिळकत, आणि ती सगळी उंचावर! झाडावर चढणे हा तेथे पोरखेळ नसून पोटाचा धंदा आहे. अशा ठिकाणी माणसाची ओळख त्याच्या पायांत आणि खांद्यांत असते. ह्याच जंगलपट्टीतल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ज्या मातीत शरीराची ही किंमत, तेथे शरीर निम्मे निकामी झाले म्हणजे माणसाजवळ काय उरले?

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्या कोणाच्याही उपयोगी पडतील. मणके म्हणजे हाडांची माळ. त्या माळेच्या पोकळीतून मेंदूचे निरोप खाली नेणारा मज्जारज्जू जातो. हाड मोडले तर सांधता येते, मज्जारज्जू तुटला तर तो पुन्हा जोडण्याची विद्या अजून माणसाला साधलेली नाही. इजा पाठीत झाली तर पाय जातात; मानेत झाली तर हातांवरही घाला येतो. त्याबरोबर लघवी-शौचाचा ताबा सुटतो आणि कातडीला बधिरपणा येतो. परंतु सगळी इजा पडतानाच होते असे नाही. मणका मोडलेल्या माणसाला आपण घाईने बखोटीला धरून उठवतो, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतो, आणि जो रज्जू नुसता दबलेला होता तो कायमचा निकामी करून टाकतो. अशा माणसाला बसवू नये. एकाने डोके व मान स्थिर धरावी, चार जणांनी मिळून त्याला ओंडक्यासारखे एकदम कुशीवर वळवावे आणि सपाट फळीवर घ्यावे. आडरानातल्या गावांतून रुग्णाला आजही खाटेवर घालून न्यावे लागते. त्या खाटेच्या झोळावर एक फळी किंवा दाराचे फळकूट टाकले, तर एखाद्याचे पाय वाचतील.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो कोणी विचारतच नसे, कारण असा रुग्ण बहुधा जगतच नसे. एकाच कुशीवर पडून कातडीला जखमा होत, मूत्रमार्गात विषार भिने आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत सगळे संपे. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांकडे अशा जखमी सैनिकांचा विभाग सोपवण्यात आला. हे स्वतः जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू. ‘ही माणसे मरायचीच’ हा निकाल त्यांनी मानला नाही. दर दोन तासांनी, रात्रीदेखील, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची असा दंडक त्यांनी घालून दिला. एवढ्या साध्या गोष्टीने माणसे जगू लागली. आणि जगू लागल्याबरोबर दुसरी अडचण उभी राहिली: जगून करायचे काय?

गुटमन ह्यांना ह्याचे उत्तर रुग्णांनीच दाखवून दिले असे म्हणतात. एके दिवशी त्यांना दिसले, की काही जखमी सैनिक चाकाच्या खुर्च्या दामटीत, उलट्या धरलेल्या काठ्यांनी एक चकती टोलवीत आहेत. आरडाओरडा चालला आहे, भांडणे होत आहेत, आणि कोणाच्याही तोंडावर रुग्णाची कळा नाही! २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमींची धनुर्विद्येची स्पर्धा लावली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९६० साली ह्याच रोपट्याचा रोममध्ये वृक्ष झाला. २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू तेथे जमले. आज ज्याला आपण पॅरालिंपिक म्हणतो ते हेच.

ह्या गोष्टीत एक मराठी माणूस ठळक अक्षरांत आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई दलात होते आणि मुष्टियुद्धात त्यांचे नाव होते. १९६४ साली टोकियोत झालेल्या सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत ते खेळून आले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक मणक्यात रुतली आणि कंबरेखालचे शरीर लुळे पडले. वय विशीतले. ज्याचे सारे कौशल्य पायांच्या चपळाईवर उभे, अशा मुष्टियोद्ध्याची ही गत!

मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत, त्यांच्यावर उपचार झाले. पाण्यातला व्यायाम हा त्या उपचारांचाच एक भाग. पाण्याचा एक मोठा गुण असा, की लुळ्या पायांचे ओझे ते स्वतः उचलते आणि हातांना मोकळीक देते. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे पेटकरांच्या हाती लागले आणि त्याची स्पर्धा झाली. १९६८ साली तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरोच्या अपंगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये, म्युनिकचे ऑलिंपिक सुरू होण्यापूर्वी काही दिवस, हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत पलीकडची भिंत गाठली. तो जागतिक उच्चांक होता, आणि पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णासाठी त्यानंतर देशाला २००८ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, वाट पाहावी लागली. ह्या माणसाची आठवण मात्र सरकारला सावकाश झाली. पद्मश्री २०१८ साली आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी!

ही कथा आपण ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून मुलांना सांगतो आणि ती तशी आहेही. पण आम्हांला तीत आणखी एक गोष्ट दिसते. मुष्टियुद्ध गेले, पाय गेले, तरी पेटकरांजवळचे एक काहीतरी गोळीच्या टप्प्याबाहेर राहिले होते. समोर कोणीतरी तोडीस तोड असावा आणि त्याच्याशी आपण झुंजावे, ही ती भूक. पोहण्याच्या हौदात त्यांच्या शेजारच्या पट्ट्यातला परदेशी खेळाडू त्यांना पाहून हळहळला नसेल. तो जीव खाऊन हात मारीत होता, त्यांना हरवायला! मणका मोडलेल्या माणसाला जगात हळहळणारे शेकड्यांनी भेटतात. हरवायला धडपडणारा क्वचितच भेटतो. खेळ त्याला नेमका तो मिळवून देतो.

चाकाच्या खुर्चीवरच्या बास्केटबॉलचा एक नियम आम्हांला कळला तेव्हा ही गोष्ट अधिकच पटली. त्या खेळात प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीरात किती बळ शिल्लक आहे ते पाहून गुण ठरवून दिलेले असतात. ज्याच्या कमरेला व धडाला जवळजवळ ताबाच नाही त्याला एक गुण, आणि ज्याची इजा सर्वांत कमी त्याला साडेचार. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू, आणि त्यांच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. आता हिशेब करून पाहा. साडेचार गुणांचे तिघे घेतले की साडेतेरा झाले. उरलेले दोघे अर्ध्या गुणात आणायचे कोठून? म्हणून ज्याला संघ बांधायचा आहे त्याला एका गुणाचा खेळाडू शोधीत फिरावेच लागते. तो चेंडू फारसा टाकीत नाही. आपली खुर्ची प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत अशी आडवी घालतो, की आपल्या गड्याला जाळ्यापर्यंत रस्ता मोकळा व्हावा. ज्या माणसाला घरी ‘आपले ओझे झाले’ असे क्षणोक्षणी वाटते, त्याच्यावाचून येथे संघच उभा राहत नाही. कोणी उपकार म्हणून त्याला घेतलेले नसते. बेरजेला तो हवाच असतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर ‘आता हिचे घर कोण पाहणार’ हाच प्रश्न पहिला येतो. दीपा मलिक ह्यांच्या पाठीच्या कण्यातील गाठीवर १९९९ साली शस्त्रक्रिया झाली आणि छातीखालचे शरीर संवेदनाहीन झाले. पती सैन्यात, पदरी दोन मुली. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहत असताना त्यांनी तेथे खानावळ चालवली, मग पोहणे धरले, आणि २०१६ साली रिओमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. पॅरालिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

येथे एक शंका रास्त आहे, आणि ती आमच्या मनातही आली. पदके मिळवणारे किती? हजारांत एक. बाकीच्यांचे काय? ‘पेटकरांना जमले, तुला का नाही?’ असे त्या झाडीपट्टीतल्या तरुणाला कोणी म्हणाले, तर ती दुसरी इजा ठरेल. त्याला आपल्या गेलेल्या पायांसाठी रडायचा हक्क आहे. तो शोक पुरता व्हायला महिने लागतील, कदाचित वर्षेही लागतील. शिवाय हौद कोठे, खेळाची खुर्ची कोठे आणि भामरागडकडची पायवाट कोठे? पुण्याला खडकीत जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे आणि तेथे खेळ हा दिनक्रमाचा भाग आहे. जंगलातल्या गड्याला अशी जागा घराजवळ नाही. डॉक्टर अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या गडचिरोलीतील दवाखान्यात मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक येऊन शिबिरे घेत आले आहेत, ही मोठीच गोष्ट. पण शस्त्रक्रियेनंतरची चाळीस वर्षे त्याने काढायची कशी?

ह्याचे एक उत्तर त्याच मातीत, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आहे. बाबा आमटे तरुणपणी शिकारीचे शौकीन होते, वेगाने मोटार हाकणारे होते. १९४९ साली त्यांनी आनंदवन उभारायला घेतले ते कुष्ठरुग्णांना भिक्षा घालण्यासाठी नव्हे. झडलेल्या बोटांच्या हातांत त्यांनी कुदळ दिली, विहीर खोदायला लावली. दानाने माणूस खचतो आणि श्रमाने घडतो, हे त्यांचे सूत्र. म्हणजे पेटकरांना हौदाने जे दिले, तेच आनंदवनाने शेतातून आणि हातमागावरून दिले: तुझ्यावाचून अडते, असे सांगणारी एक जागा.

पुढे नियतीने हीच परीक्षा बाबांचीही घेतली. मणक्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे, मधली गोष्ट नाही. अशा अवस्थेत, एकाहत्तरीच्या उंबरठ्यावर, २४ डिसेंबर १९८५ रोजी ते कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ म्हणत निघाले आणि काश्मीरपर्यंत गेले. तरुण-तरुणी सायकलींवर आणि बाबा मोटारीतल्या बिछान्यावर आडवे! मोटार वेगाने हाकणारा तो जुना गडी त्या बिछान्यावरही मेला नव्हता. त्याचा वेग आता त्या सायकलींच्या चाकांत होता. त्या यात्रेत पदक नव्हते आणि पहिला-दुसरा क्रमांकही नव्हता. पण ‘मी कोण?’ ह्या प्रश्नाला पाठीचा कणा हे एकच उत्तर नाही, हे आनंदवनाच्या म्हाताऱ्याने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झोपून दाखवून दिले.

तेव्हा आमचा झाडीपट्टीतला तरुण पुन्हा पाहू. त्याला हौदात कोणी नेईल तेव्हा नेईल. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात खेळाची सोय करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकलेले आहे, तेही बजावून घ्यायला हवे. पण येत्या मंडईत काय करता येईल? त्याला मैदानाच्या कडेला हारतुरे घालून बसवू नये. त्याच्या हाती शिट्टी द्यावी. कोणाचा पाय रेषेला लागला हे चढाईपटूइतके कोणाला कळते? चूक झाली तर दोन्ही संघांनी त्याच्याशी हुज्जत घालावी, तो पंच असल्यासारखी! गावच्या पोरांना त्याने पकडी शिकवाव्या आणि हरल्यावर त्यांना रागवावे.

आणि आपल्या शहरी घरांत? घराचा उंबरठा काढा, न्हाणीघराचे दार रुंद करा, हे तर करावेच. पण त्याहून सोपी, आणि खरे सांगायचे तर त्याहून अवघड, अशी एक गोष्ट आहे. दिवाळीच्या दुपारी जेवणे झाली की घराघरांत कॅरमची फळी निघते. पावडर शिंपडली जाते, चार जण बसतात. चाकाच्या खुर्चीतला भाऊ, मेहुणा, मावशी ह्यांनाही आपण अगत्याने बोलावतो. आणि मग काय करतो? राणी खिशाच्या तोंडाशी असली तरी आपला नेम चुकतो. मुद्दाम चुकतो. ‘वा! तूच जिंकलास!’ असे आपण मोठ्याने म्हणतो. आम्हीही हे केलेले आहे. कबूल करायला लाज वाटते. आपल्याला वाटते, आपण त्याला आनंद दिला. त्याने मात्र सोंगटीचा कोन पाहिलेला असतो. पाय गेले आहेत, डोळे नाहीत. आपण खोटे हरलो, हे त्याला त्या क्षणीच कळते, आणि घरातला शेवटचा प्रतिस्पर्धीही आपण त्याच्याकडून काढून घेतलेला असतो.

ज्यांचे हातही दुबळे झाले आहेत त्यांच्यासाठी बुद्धिबळ आहे, पत्ते आहेत. चेंडू उतरत्या पन्हळीवरून सोडूनही खेळता येणारा बोशिया हा खेळ तर १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. काय खेळायचे हा प्रश्न गौण आहे. खरे खेळायचे, एवढेच महत्त्वाचे.

म्हणून वाचकहो, ह्या दिवाळीत अशा घरी गेलात, तर फळांची पिशवी जरूर न्या. ती ठेवून झाली की त्याच्या आईकडे वळू नका. सरळ त्याच्यासमोर फळी मांडा, स्ट्रायकर त्याच्या हाती द्या, आणि राणी मिळाली तर घ्या. तो चिडेल, ‘पुन्हा मांड’ म्हणेल, कदाचित दुसऱ्या डावात तुम्हांला कोरडे हरवील. फराळाचे ताट बाजूला राहील, चहा निवेल, आणि आतून त्याची आई ओरडेल, ‘अरे, भांडता काय लहान मुलांसारखे!’

त्या घरात असे ओरडणे बहुधा पुष्कळ दिवसांनी ऐकू आलेले असेल.